अक्का, अत्यवस्थ म्हणजे?

महानंदा, भाकरी तव्यावर होती तुझी. पाणी फिरवून झालं होतं, उलटायची तेवढी राहिली होती. मी पाठमोरी बसून शेंगा फोडत होते आणि तू माझ्याशी भांडत होतीस. भांडता भांडता मधेच गप्प झालीस. मला वाटलं, हरलीस. हरलीस की तू अशीच गप्प व्हायचीस आणि मग पुढची भाकरी उगाच जोरात थापायचीस. मी त्या थापेची वाट बघत होते. थाप काही आली नाही. करपल्याचा वास आला.

तुला माती दिली त्याला अजून आठवडासुद्धा झाला नाही. लोक येतात, सतरंजीवर बसतात, विचारतात, काय झालं होतं? आजारी होत्या का? मी म्हणते, नाही. बीपी होता का? नाही. मग? मग काही नाही. सकाळी उठून अंगण झाडलं, ईश्वरीची वेणी घातली, तिला शाळेत धाडलं, पीठ मळलं. माणसं मान हलवतात, चहा पितात, दुकानाकडं नजर टाकतात आणि उठतात. मलाही कुणाला तरी विचारावंसं वाटतं, की काय झालं होतं? शब्द अडला की तू मला विचारायचीस. मी अडले तर कुणाला विचारायचं, हे आपलं कधी ठरलंच नव्हतं.

तू या घरात आलीस तेव्हा मी थोरली जाऊ म्हणून चांगली मुरलेली होते. परंड्यात बसस्टँडजवळ पेंडीचं दुकान, मागं आपलं घर, घरात सरकी पेंडीचा वास. तू आळंदच्या पलीकडच्या गावची. शाळा सगळी कानडीतून झालेली. आत्याबाईंना, म्हणजे आपल्या सासूबाईंना, थोडंफार कानडी कळायचं, पण त्यांनी हळद उतरायच्या आत सांगून टाकलं, "हितं मराठीत बोलायचं. गिऱ्हाईक येतंय दारात." तू मान डोलावलीस.

आणि बोलत होतीस की गं, सुरुवातीला! तोडकंमोडकं, पण धीटपणानं. मग ते पाहुणे आले. सोपाभर माणसं बसलेली, तू पोहे दिलेस, कुणीतरी विचारलं, "काय सूनबाई, करमतंय का?" तू हसून म्हणालीस, "व्हय. माझा सासू लई चांगला आहे." अख्खा सोपा हसला. तुझे हे, म्हणजे राजू भाऊजी हसले, आमचे हे हसले, मीही हसले. आत्याबाई तर डोळे पुसत हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण त्या दिवसानंतर तू बोलणं बंद केलंस. रुसून नाही, भांडून नाही. नळ बंद करावा तसं. विचारलं की मान हलवायची, हाक मारली की यायचं. सगळे म्हणायचे, पोरगी गरीब आहे. उन्हाळा येईपर्यंत मला तुझा आवाज कसा होता हेही आठवेना.

उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. कावळे हाकायला आपण दोघी जिन्याच्या सावलीत. मला बसल्या बसल्या डुलकी लागायची, म्हणून मी शाळेत असताना बक्षीस मिळालेली एक मुलांची कादंबरी वर नेली होती आणि ती मोठ्यानं वाचत होते. पुठ्ठा गेलेला, कोपरे वाळवीनं खाल्लेले. समुद्राकाठची गोष्ट. सुभी नावाची मुलगी, तिचा बाप गलबतावर जाणारा. मी वाचलं, "गलबत खाडीच्या तोंडाशी आलं आणि सुभीच्या बापानं नांगर टाकला."

"समुद्रात नांगर?" मागून आवाज आला. "तिथं कोण पेरतंय?"

मी वळून बघितलं. तू हातात काठी घेऊन उभी होतीस आणि खरंच विचारत होतीस. इतक्या महिन्यांचा राग, लाज, सगळं त्या एका नांगरापुढं विसरली होतीस. मला हसायला येत होतं, पण मी ओठ दाबून धरले. हसले असते तर तू परत गप्प झाली असतीस, आणि या खेपेला कायमची.

म्हटलं, "लोखंडी आकडा असतो. होडी वाहून जाऊ नये म्हणून दोरीनं खाली सोडतात. तो तळाशी रुततो."

तू विचार केलास. म्हणालीस, "मग नांगरच की. जमिनीत रुततो तो नांगर."

एवढ्यात कावळ्यानं कुरडई पळवली. तू त्याला कानडीत शिवी दिलीस आणि माझ्याजवळ येऊन बसलीस. "पुढं वाचा, अक्का."

त्यानंतर कुरडया वाळल्या, पापड झाले, सांडगे झाले, तरी आपलं वर जाणं थांबलं नाही. आत्याबाई म्हणायच्या, "आता काय राखायला जाता गं दोघी? ऊन?" तू पुस्तकातल्या शब्दावर बोट ठेवायचीस आणि विचारायचीस, "म्हणजे?" मी सांगायचे. निम्मे शब्द मलाच नीट माहीत नव्हते. वल्हं, सुकाणू, शीड, तांडेल. परंड्याच्या माणसानं शीड कुठं बघायचं? मी माझ्या मनानं सांगायचे आणि तू त्यावर वाद घालायचीस. होडी शब्द आला तेव्हा म्हणालीस, "आमच्यात दोणी." मी म्हटलं, "आमच्यात गुरांना पाणी पाजायच्या दगडी भांड्याला डोणी म्हणतात." तू लगेच, "मग तुमच्यात गुरं होडीत पाणी पितात."

राजू भाऊजी त्या वर्षी पोलीस भरतीसाठी पळायला जात होते. घरात उठता बसता एकच शब्द. आणि सुभीच्या पुस्तकात आलं, "समुद्राला भरती आली." तू पदर तोंडाला लावून विचारलंस, "कुठल्या खात्यात?" आपण दोघी इतक्या हसलो की खालून आत्याबाईंनी विचारलं, कुणी पडलं का.

मग ओहोटी आली. हा शब्द तुला फार आवडला. म्हणालीस, ओ-हो-टी म्हणताना तोंडच मागं मागं जातंय. तेव्हापासून आत्याबाईंचा पारा चढला की तू माझ्या कानाशी येऊन म्हणायचीस, "अक्का, भरती." आणि तासाभरानं, "ओहोटी लागली. चहा ठेवू?" आत्याबाईंनी एकदा ऐकलंच. "ही सारखी कसली भरती गं?" तू अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणालीस, "पोलीस भरती, आत्याबाई." भाऊजींची निवड झाली नाही, ते दुकानात बसायला लागले, त्याला किती काळ लोटला, पण आपल्या घरात भरती चालूच होती.

तुझं आणि मराठीचं एकाच गोष्टीवरून कधी जमलं नाही. तो, ती, ते. भाकरी ती कशी आणि भात तो कसा, हे मी तुला समजावू शकले नाही, कारण मलाही कुणी समजावलं नव्हतं. समुद्रावरून तर तू हट्टच धरलास. "समुद्र ती पाहिजे, अक्का. एवढ्या नद्या येतात, एवढी माणसं येतात, सगळ्यांना आत घेते. तो असता तर म्हणाला असता, उद्या या." मी म्हटलं, "पुस्तकात तो आहे." तू म्हणालीस, "पुस्तक लिहिणारा तो असंल."

एका दिवाळीनंतर सीनेचं धरण भरलं होतं. भाऊजींनी टेम्पोतून सगळ्यांना बघायला नेलं. मावळतीपर्यंत पाणीच पाणी. तू चपला काढून काठावर उभी राहिलीस, साडी भिजली तरी हललीस नाही. मग हळूच विचारलंस, "ह्याला ओहोटी कधी येते?" मी म्हटलं, "मार्चमध्ये." तू मान डोलावलीस. म्हणालीस, "समुद्राची रोज येते, आपली वर्षातनं एकदा. बरंय, आपल्याला सवड मिळते." मला आजही नक्की माहीत नाही तू काय म्हणत होतीस. तेव्हा विचारायला हवं होतं असं आता वाटतं. पण तेव्हा टेम्पोत बसायची घाई होती.

ईश्वरी झाली, शाळेत जायला लागली. तिच्या बाईंनी पालकसभेत सांगितलं, घरी दोन भाषा बोलता म्हणून मुलीचं मराठी कच्चं राहिलंय. मी शेजारीच बसले होते. तुझ्या मानेवर घाम आलेला मला दिसला. वाटलं, झालं, आता ही परत मान हलवणार. पण तू उठलीस. पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "बाई, तिच्या मराठीला भरती येईल. माझ्या मराठीला आली तशी. जरा वेळ द्या." घरी येताना तू रसवंतीवर थांबून दोन ग्लास रस एकटीनं प्यालीस. त्या दिवशी मला तुझा किती अभिमान वाटला हे मी तुला सांगितलं नाही. माणसं कुठं गं असं सांगतात? मी म्हटलं, "रस थंड आहे, घसा धरेल."

आणि ते भांडण. त्या पुस्तकाच्या शेवटाचं. सुभीचा बाप वादळात गेलेला आहे. सुभी रोज संध्याकाळी कंदील घेऊन किनाऱ्यावर उभी राहते. शेवटच्या पानावर एवढंच आहे, की एका संध्याकाळी ती समुद्राकडं बघते आणि हातातला कंदील वाळूवर ठेवते. संपलं. मी लहानपणी वाचलं तेव्हाच मला कळलं होतं, की तिनं आशा सोडली. तुला ते मान्य नव्हतं. तू म्हणायचीस, बाप आला. आला म्हणून कंदील खाली ठेवला. दोन्ही हात मोकळे पाहिजेत ना, मिठी मारायला?

"तसं लिहिलेलं नाही महानंदा."

"न आल्याचंपण लिहिलेलं नाही अक्का."

इतकी वर्षं आपण ते उकरून काढत होतो. भाजी निवडताना, दळण आणताना, सोनारीच्या यात्रेत रांगेत उभं राहून. कधी तू चिडायचीस, कधी मी. या वर्षी तू ते पुस्तक ईश्वरीला वाचून दाखवायला घेतलंस. आदल्या दिवशी शेवटचं पान झालं. त्या सकाळी तू विजयी मुद्रेनं सांगत होतीस, "ईश्वरी म्हणाली, आले तिचे बाबा. बघा. लेकरांना कळतं. पुस्तक लेकरांचंच आहे."

मी शेंगा फोडत म्हटलं, "तू आधी सांगून ठेवलं असशील."

"न्हाय सांगितलं. देवाशप्पथ न्हाय. अक्का, तुम्हाला ना, चांगलं झालेलं..."

आणि तू गप्प झालीस.

चांगलं झालेलं काय, महानंदा? बघवत नाही? पटत नाही? वाचताच येत नाही? कुठला शब्द येणार होता तिथं?

वास आला म्हणून मी वळले. तू भिंतीला टेकून बसली होतीस, पीठभरला हात मांडीवर. म्हणालीस, "डोकं." बस. मी तवा उतरवला. गॅस बंद केला. बघ, मी आधी गॅस बंद केला, मग तुझ्याकडं आले. हात आपली सवयीची कामं करत होते. तुझ्या तोंडाची एक बाजू खाली ओघळल्यासारखी दिसत होती. मी हाक मारली ती किती मोठ्यानं मारली कुणास ठाऊक, दुकानातून भाऊजी, गिऱ्हाईक, सगळेच आत धावले.

शेजाऱ्यांच्या जीपनं आधी गावातल्या दवाखान्यात. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी डोळ्यात बॅटरी मारली, हात उचलून सोडला, तो धप्पकन पडला. ते भाऊजींना बाजूला घ्यायला गेले, पण भाऊजी जागचे हलेनात, म्हणून मग तिथंच बोलले. "मेंदूत रक्तस्राव दिसतोय. पेशंट अत्यवस्थ आहे. वेळ घालवू नका, बार्शीला नेऊन भरती करा."

तुला ऐकू येत होतं. मला माहीत आहे, कारण भरती म्हटल्यावर तू माझ्याकडं बघितलंस आणि तोंडाची जी बाजू चालत होती तिनं हसलीस. अर्ध्या तोंडानं. त्या डॉक्टरांना काय कळणार होतं? तिथं उभ्या असलेल्या कुणालाच काही कळलं नाही. मला कळलं.

जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर. पुढं भाऊजी, ड्रायव्हरला नुसतं "चल, चल" म्हणतायत. बार्शी रोडला खड्ड्यात जीप आदळली की मी तुझं डोकं दोन्ही हातांनी धरायचे. बाहेर उसाचे ट्रॅक्टर, एक लग्नाचा बोर्ड, सगळं नेहमीसारखं. तू डोळे उघडलेस. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होता.

"अक्का, अत्यवस्थ म्हणजे?"

महानंदा, तुझ्या सगळ्या "म्हणजे"ला मी उत्तर दिलं होतं. माहीत नसेल तर रचून दिलं होतं. हा शब्द मला पक्का माहीत होता. आपण पेपर वाचतो की, त्यात असतो. मी तुझ्या कपाळावरचं पीठ पुसलं आणि म्हटलं, "अत्यवस्थ म्हणजे थकलेली. लई थकलेली."

तू माझ्याकडं बघत राहिलीस. मी सांगितलेला अर्थ तू नेहमी असाच तपासून घ्यायचीस, डोळे बारीक करून. मग म्हणालीस, "सरि बिडु."

कानडीत. माझ्याशी तू कधी कानडीत बोलली नाहीस. एवढ्या वर्षांत एकदाही नाही, मराठीतच बोलणं हा तुझा मान होता. रोज संध्याकाळी तू तुझ्या आईला फोन करायचीस आणि फोन ठेवताना हे असंच काहीतरी म्हणायचीस. माझ्या कानाला तो फोन ठेवण्याचाच एक आवाज होता. त्याचा अर्थ मी कधी विचारला नव्हता. आता विचारणार होते, तोंडापर्यंत आलं होतं. तू डोळे मिटले होतेस. दवाखान्याच्या दारात जीप थांबली तेव्हा तिथल्या लोकांनी तुला आत नेलं आणि लगेच बाहेर येऊन भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यात आठवतं. ईश्वरीला शाळेतून कुणीतरी आणलं. दप्तर पाठीवर तसंच, आणि ती दारातल्या चपलांकडं बघतेय. इतक्या चपला का, असं तिनं विचारलं. आत्याबाईंनी तिला ओढून पोटाशी घेतलं. त्या रडत नव्हत्या. तुझ्या सासूबाईंना मी तोपर्यंत कधी गप्प बघितलं नव्हतं.

आपल्यात गेलेल्या माणसाला बसवूनच नेतात. मी कितीदा बघितलंय, सासऱ्यांना तसंच नेलं. पण तुला बसवलं, हिरवी साडी नेसवली, कपाळाला भस्म लावलं, आणि मला काही समजेनासं झालं. आडवं माणूस गेलेलं वाटतं. बसलेलं माणूस गेलेलं वाटत नाही गं. तू तर जिन्याच्या सावलीत बसायचीस तशीच बसली होतीस, मान थोडी कलती. कुणीतरी वाचत असेल आणि तू ऐकत असशील, असं. स्वामी मंत्र म्हणत होते. मला वाटत होतं, त्यातला एखादा शब्द अडेल आणि तू विचारशील.

मळ्यात तुला ठेवलं, बेल वाहिला, मीठ टाकलं, माती लोटली. मी मूठ भरून माती टाकली. टाकली ती तुझ्यावर, हे घरी आल्यावर हात धुताना डोक्यात शिरलं.

तुझी आई, तुझी यव्वा, त्याच दिवशी आली होती, तुझ्या भावाच्या गाडीनं. भाऊ परत गेला, ती राहिली. तुला ठाऊक आहे, तिला मराठीचा एक शब्द येत नाही. आधी ती यायची तेव्हा तुला मगळे, म्हणजे लेकी, अशी हाक मारायची आणि तू मधे असायचीस; ती काही म्हणायची, तू मला सांगायचीस, मी हसायचे. आता ती एका भिंतीला आणि मी दुसऱ्या. ती जेवत नव्हती. मी ताट पुढं सरकवायचे, ती परत सरकवायची. एवढीच आमची बोली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती उठून माझ्याजवळ आली. माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "एनंदळु?" तिनं परत विचारलं, जरा मोठ्यानं, मला ऐकू आलं नसावं तशी. ईश्वरी कोपऱ्यात होती. ती म्हणाली, "मोठ्या आई, अज्जी विचारतीय, शेवटी काय म्हणाली?"

पोरीच्या तोंडून तो प्रश्न यावा! मी काय सांगणार होते? अत्यवस्थ सांगायचं, मग त्याचा अर्थ सांगायचा, मग मी सांगितलेला अर्थ सांगायचा, आणि हे सगळं त्या लेकरानं कानडीत करून द्यायचं? मी ते गिळलं. तुझ्या तोंडून ऐकलं होतं तेवढंच, जसंच्या तसं, तिच्यापुढं ठेवलं. "सरि बिडु."

यव्वाचा चेहरा बदलला. तिनं माझे हात सोडले आणि तोंडावर घेतले. मग ती ईश्वरीला काहीतरी म्हणाली आणि ईश्वरीनं मला सांगितलं, "अज्जी म्हणतीय, आई रोज फोनवर असंच म्हणायची तिला. फोन ठेवताना."

"त्याचा अर्थ काय गं?"

ईश्वरीनं विचार केला. अगदी तुझ्यासारखे डोळे बारीक करून. "सरि म्हणजे बरं. बिडु म्हणजे... सोडून दे. नाही, तसं नाही. बरं, असू दे. असं."

बरं, असू दे.

तेव्हापासून मी तेच घोळवतेय. तुझा विश्वास बसला होता का माझ्यावर? थकलेली, एवढंच ना, बरं, असू दे? की तुला कळलं होतं, अक्का या खेपेला खोटं सांगतायत, आणि तू मला सोडून दिलंस, की बरं, असू दे? मी दोन्ही तऱ्हांनी वाचून बघते. सांगणारं कुणी नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, तसंही लिहिलेलं नाही आणि असंही लिहिलेलं नाही. मला ते ऐकून नेहमीसारखा राग आला असता.

यव्वानं आणखी एक विचारलं. ईश्वरीनं सांगितलं, "अज्जी विचारतीय, मला म्हणाली का?"

मी म्हटलं, "हो."

हे खरं की खोटं, मला खरंच माहीत नाही, महानंदा. डोळे माझ्याकडं होते. भाषा तिची होती. मी हो म्हटलं आणि त्या संध्याकाळी यव्वा पहिल्यांदा जेवली. अर्धी भाकरी, दुधात कुस्करून. मीच केली होती. कडा फाटल्या होत्या.

आज सकाळी ती गेली. भाऊजी तिला गावापर्यंत सोडायला निघाले, सोलापूरच्या गाडीनं. मी आणि ईश्वरी स्टँडवर. गाडी लागली, भाऊजींनी जागा धरली, यव्वा खिडकीशी बसली. वाहक तिकिटं फाडत मागं गेला. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. तोंडात मराठीचे इतके शब्द, आणि त्यातला एकही तिच्यापर्यंत जाणारा नाही. मग तू तिला गाडीत बसवून देताना दर वेळी काय म्हणायचीस ते आठवलं. खिडकीच्या गजांना धरून मी म्हटलं, "मत्ते बा, यव्वा."

यव्वा माझ्याकडं बघतच राहिली.

ईश्वरीनं माझा पदर ओढला. "मोठ्या आई, मोठ्या माणसांना बर्री म्हणायचं. मत्ते बर्री, म्हणजे परत या. बा म्हणजे ये. ते फक्त आपल्या आईला म्हणतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्ख्या सोप्यासमोर तुझं चुकलं होतं, तेव्हा तुला काय झालं असेल ते मला आज कळलं. मी गज सोडून मागं सरकणार, तेवढ्यात यव्वानं हात बाहेर काढला. माझ्या कपाळावरून, गालावरून फिरवला, हनुवटीशी थांबली. तिचा हात खरखरीत होता आणि गरम होता.

"बर्तीनि, मगळे," ती म्हणाली.

गाडी हलली. ईश्वरी मला अर्थ सांगायला लागली. मी तिला म्हटलं, राहू दे. एवढं मला कळलं.